हाडात भरायची सिरॅमिकची जाळी: भोकं केवढी हवीत, आणि रक्त आत कसं पोचणार?

भट्टीकर (धागाकर्ता)

मागे इथे 'प्रिंटरवर हाड छापलं' अशी बातमी कुणीतरी चिकटवली होती आणि खाली 'आता गुडघे घरीच छापू' छापाचे प्रतिसाद पडले होते. मी याच कामात आहे. कॅल्शियम फॉस्फेटच्या भुकटीचे सच्छिद्र ठोकळे करायचे, भट्टीत भाजायचे, तपासायचे आणि त्यातले बरेचसे टाकून द्यायचे. म्हणून बातमीत जे राहून जातं ते लिहितो. पदार्थ हाताशी येऊन शंभर वर्षं उलटली. गाडं अडलंय ते आतल्या पोकळीपाशी.

पदार्थाचं आधी उरकून घेतो. हाडाच्या वजनात साधारण दोन तृतीयांश खनिज असतं, बाकी कोलॅजन (लवचीक धाग्यांचं प्रथिन) आणि पाणी. हे खनिज हायड्रॉक्सीअपेटाइटच्या घराण्यातलं, पण त्यात कार्बोनेट मिसळलेलं, कॅल्शियम जरा कमी आणि स्फटिक नॅनोमीटरमध्ये मोजण्याइतके बारीक. आम्ही भट्टीतून काढतो ते हायड्रॉक्सीअपेटाइट (पुढे एचए) त्या मानाने शुद्ध आणि निबर. त्यात कॅल्शियम-फॉस्फरसचं प्रमाण १.६७. त्याचं भावंड बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट (पुढे टीसीपी), प्रमाण १.५. एवढ्याशा फरकाने स्वभाव पालटतो. एचए शरीरात वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतं, टीसीपी काही महिन्यांपासून दोनेक वर्षांत झिजून जातं. दोन्ही मिसळून 'बायफेजिक' करतात, म्हणजे झिजण्याचा वेग हातात राहतो. हाडाच्या पोकळीत प्लास्टर ऑफ पॅरिस भरण्याचा ड्रीसमानचा प्रयोग १८९२ चा, आणि सशांच्या हाडात कॅल्शियम फॉस्फेट घालून पाहणाऱ्या आल्बी आणि मॉरिसन यांचा १९२० चा. म्हणजे नवं असं काही नाही.

आता भोकं. घट्ट भाजलेला एचएचा ठोकळा हाडात ठेवला तर हाड त्याला बाहेरून चिकटतं आणि तिथेच थांबतं. आत शिरायचं तर वाट हवी. १९७० च्या सुमारास हल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी आकडा सांगितला, किमान १०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पुढे ३०० च्या वरची भोकं बरी असं मत झालं, कारण तेवढ्या जागेत रक्तवाहिन्या नीट शिरतात. पण भोक केवढं यापेक्षा एका भोकातून दुसऱ्यात जायची खिडकी केवढी, हे जास्त महत्त्वाचं. ४०० मायक्रॉनची प्रशस्त खोली आणि दाराची फट १० मायक्रॉनची, तर पेशी आत जाणार कुठून? शोधनिबंधांत 'सच्छिद्रता ७५ टक्के' असं ठळक छापतात. त्यातली किती भोकं एकमेकांना जोडलेली आहेत, हे शोधायला पुरवणी उघडावी लागते.

आणि बनवायचं कसं? सगळ्यात जुनी आणि आजही चालणारी पद्धत स्पंजची, १९६३ च्या श्वार्ट्झवाल्डर आणि सोमर्स यांच्या पेटंटमधली. मूळ हेतू हाडाचा नव्हताच. पॉलियुरेथेनचा स्पंज घ्यायचा, सिरॅमिकच्या घोळात बुडवायचा, पिळायचा, वाळवायचा, मग हळूहळू तापवत न्यायचा. स्पंज जळून जातो, सिरॅमिकची जाळी उरते, ती १२०० अंशांच्या आसपास भाजायची. बटाटेवडा तळताना आतला बटाटाच नाहीसा व्हावा आणि नुसतं आवरण उरावं, तसा प्रकार. त्यामुळे जाळीची प्रत्येक काडी आतून पोकळ राहते, कडांना घोळ पातळ बसतो आणि तिथूनच तडा जातो. बोटांत धरून दाबली की भुगा. ताकद बहुतेक वेळा १ मेगापास्कलच्याही खाली. आपल्या हाडाचा आतला जाळीदार भाग २ ते १२ मेगापास्कल सोसतो, बाहेरचं टणक कवच १०० ते २०० च्या घरात.

दुसऱ्या पद्धती: भुकटीत जळून जाणारे कण मिसळणे, फेस करून गोठवणे, घोळ थंड करत नेऊन बर्फाच्या पात्यांनी भोकं पाडणे (यात भोकं एका दिशेत लांबट येतात, ताकद बरीच चांगली मिळते), आणि सुईतून घोळाची तार सोडत थरावर थर रचणे. बातमीतला 'प्रिंटर' तो हाच किंवा याचा भाऊबंद. छापलं म्हणजे झालं असं नाही. छापून मग भाजावंच लागतं, भाजताना तुकडा आकसतो, आणि सगळीकडून सारखा आकसेलच असं नाही.

प्रश्न विचारा. डॉक्टर मंडळी असतील तर जरूर बोला, तुमची बाजू आम्हाला भट्टीपाशी दिसत नाही.

---

निमकी

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). बटाट्याशिवाय बटाटेवडा वाचून डोळ्यांत पाणी आलं. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

---

तिसरा_मजला

छान लिहिलंय. भाबडा प्रश्न: ताकद कमी पडते तर भोकं कमी करा की. ७५ ऐवजी ४० टक्के.

---

भट्टीकर

@तिसरा_मजला, भाबडा अजिबात नाही, आमच्यातली निम्मी भांडणं यावरच होतात. सच्छिद्र ठिसूळ पदार्थाची ताकद घनतेच्या दीडाव्या घाताने घसरते असं गिब्सन-ॲशबीचं सूत्र सांगतं. म्हणजे ६० टक्के भरीव ठोकळा ३० टक्क्यांवर आणला की ताकद निम्मी होत नाही, जवळपास एक तृतीयांशावर येते. उलट दिशेने गेलात तर ताकद मिळते, पण ४० टक्के सच्छिद्रतेला भोकं एकमेकांपासून तुटायला लागतात. मजबूत ठोकळा हाती येतो ज्याच्या आत काहीच घडत नाही.

त्यात एचए ८० टक्के भरीव केलं तरी ते ठिसूळच. हाड मोडण्याआधी थोडं तरी वाकतं, कारण त्यात कोलॅजन आहे. सिरॅमिक वाकत नाही. आणि चालताना पायाच्या हाडावर नुसता दाब येत नाही, वाकणं आणि पीळही येतो. तिथे सिरॅमिक लगेच हार मानतं.

---

डॉ_सांधेजोड

ऑर्थोपेडिक सर्जन आहे, त्यामुळे दोन शब्द. भट्टीकरांनी दिलेले ताकदीचे आकडे खरे आहेत, पण आमच्या दृष्टीने तो प्रश्न वाटतो तेवढा मोठा नाही. हाड तुटलं की आम्ही प्लेट-स्क्रू किंवा रॉड घालतोच. वजन धातू घेतो. ग्राफ्टने, म्हणजे हाडाच्या जागी भरायच्या या पदार्थाने, पोकळी भरून ठेवायची आणि हाड आत येईपर्यंत धीर धरायचा, एवढंच त्याचं काम.

नेहमीचं उदाहरण देतो. स्कूटरवरून पडून गुडघ्याखालच्या हाडाचा माथा खचतो, ज्याला आम्ही टिबियल प्लॅटो म्हणतो. खचलेला भाग वर उचलला की खाली पोकळी राहते. ती तशीच सोडली तर भाग पुन्हा बसतो. तिथे टीसीपी किंवा बायफेजिकचे दाणे ठोकून भरले आणि प्लेट लावली, उत्तम चालतं. लहान मुलांच्या हाडातली सिस्ट खरवडून काढली की त्या खड्ड्यातही चालतं. चारी बाजूंनी जिवंत हाड आहे, रक्त आहे, कुणीही काहीही भरलं तरी शरीर निभावून नेतं.

खरी परीक्षा पाच-सहा सेंटिमीटर हाडच गायब असतं तेव्हा. ट्रकखाली पाय आलेला असतो, हाड बाहेर पडून रस्त्यावर राहिलेलं असतं, वरून इन्फेक्शन. अशा रुग्णात सिरॅमिकचा ठोकळा ठेवून मी घरी शांत झोपू शकत नाही. तिथे इलिझारोव्हची रिंग लावून हाड दिवसाला एक मिलिमीटर सरकवत आणतो, किंवा मास्केलेची पद्धत वापरतो: आधी सिमेंटचा तुकडा ठेवायचा, सहा-आठ आठवड्यांत त्याच्याभोवती शरीर पडदा तयार करतं, मग सिमेंट काढून त्या पिशवीत रुग्णाच्याच कमरेचं हाड भरायचं. वेळखाऊ आहे, रुग्ण वैतागतो, पण हाड येतं.

म्हणून माझा सवाल असा: ही 'टिश्यू इंजिनिअरिंग' नावाची गोष्ट, म्हणजे जाळीवर पेशी वाढवून नवी ऊती तयार करायची, गेली तीस वर्षं कॉन्फरन्समध्ये ऐकतोय. सशात चालते, मेंढीत चालते. माझ्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) कधी येणार?

---

रिकामटेकडा

ससे आणि मेंढ्या मिळून हॉस्पिटल काढू शकतात आता. सगळ्यांचे पाय ठणठणीत.

---

भट्टीकर

@डॉ_सांधेजोड, हाच प्रतिसाद हवा होता.

एकदा माणसात झालंय, आणि चांगलं झालंय. २००१ मध्ये इटलीतल्या क्वार्टो वगैरे मंडळींनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये तीन रुग्ण छापले. लांब हाडांत चार ते सात सेंटिमीटरची गॅप. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी बाहेर वाढवल्या, गॅपच्या मापाचा सच्छिद्र एचएचा तुकडा बनवला, पेशी त्यावर सोडल्या, तुकडा बसवला, हाड जागेवर धरायला बाहेरून फिक्सेटरची चौकट. हाड जुळलं. सहा-सात वर्षांनंतरचा पाठपुरावाही छापून आला, जोड टिकून होते.

मग याचा डंका का वाजला नाही? माझ्या मते दोन कारणं. एक म्हणजे रुग्ण मोजकेच आणि तुलनेला दुसरा गट नाही, त्यामुळे श्रेय पेशींचं की नीट बसवलेल्या तुकड्याचं आणि फिक्सेटरचं, हे सांगता येत नाही. दुसरं, आणि माझ्या भट्टीजवळचं: तुकडा शुद्ध एचएचा होता आणि इतक्या वर्षांनीही तो तसाच आत होता. हाड आणि सिरॅमिक मिसळून राहिलं. हाडाने सिरॅमिकची जागा घेतली, असं झालं नाही.

पेशींचं गणितही अवघड आहे. जिवंत पेशीला रक्तवाहिनी १०० ते २०० मायक्रॉनच्या आत लागते, त्यापलीकडे प्राणवायू पोचत नाही. तीन सेंटिमीटर जाडीच्या तुकड्याच्या मधोमध पेशी सोडल्या तर त्यांच्यापासून सगळ्यात जवळची रक्तवाहिनी दीड सेंटिमीटरवर. म्हणजे १५,००० मायक्रॉन. वाहिन्या वाढत तिथवर यायला आठवडे लागतात, पेशी तेवढा वेळ उपाशी थांबत नाहीत. सशात चालतं याचं हेही एक कारण: सशाची गॅपच मुळात दीडेक सेंटिमीटर असते आणि हाड बारीक, कुठूनही रक्त जवळ. वरचा विनोद रिकामटेकड्यांनी नकळत बरोबर केलाय.

---

पीएचडी_चालू_आहे

दादा, मी मटेरियल्समध्ये पीएचडी करतेय, बायोॲक्टिव्ह ग्लासवर, म्हणजे हाडाशी जुळणाऱ्या काचेवर. आमच्याकडे गाइडना एसबीएफ टेस्ट म्हणजे सर्वस्व. नमुना बुडवून ठेवला, वर अपेटाइटचा थर आला, की 'बायोॲक्टिव्ह' म्हणून पेपर तयार. ह्यावर कितपत विसंबावं?

---

भट्टीकर

@पीएचडी_चालू_आहे, बाकीच्यांसाठी: एसबीएफ म्हणजे रक्तद्रवातल्या क्षारांच्या मापाचं पाणी, जपानच्या कोकुबो यांनी रूढ केलेलं. त्यात प्रथिनं नाहीत, पेशी नाहीत. बोनर आणि लेमेत्र यांचा २००९ चा लेख जरूर वाचा, त्यांनी या चाचणीची चांगलीच झाडाझडती घेतली आहे. टीसीपीच बघा: हाडाशी त्याची गट्टी जमते हे शस्त्रक्रियेत दिसतं, पण एसबीएफमध्ये त्यावर अनेकदा थर येतच नाही. चाचणी करा, पण प्रबंधाचा निष्कर्ष तिच्यावर टांगू नका. गाइडना हे कसं सांगायचं ते मात्र तुमचं तुम्ही बघा.

ग्लासचा विषय काढलात म्हणून सांगतो. लॅरी हेंच १९६७ मध्ये एका परिषदेला बसने चालले होते. शेजारी व्हिएतनामहून परतलेला लष्करी अधिकारी. त्याने विचारलं, माणसं मारायची साधनं इतकी बनवता, शरीर नाकारणार नाही असं काही बनवता येईल का? त्यातून १९६९ मध्ये फ्लोरिडात ४५एस५ ही काच आली. ४५ टक्के सिलिका, सोडियम आणि कॅल्शियमचे ऑक्साइड प्रत्येकी २४.५, फॉस्फरसचं ६. उंदराच्या मांडीच्या हाडातून ती ओढून निघेना. मात्र तिची जाळी करायला भाजलं की ती स्फटिकते आणि जे गुण हवेत तेच मंदावतात, म्हणून जाळीसाठी १३-९३ सारख्या दुसऱ्या काचा वापरतात. तुमचा विषय यातलाच असावा. ४५एस५ ची भुकटी दातांना ठणक लागू नये म्हणून टूथपेस्टमध्ये पोचली, तिथे तिचं बरं चाललंय.

---

मालवणी_काळजी

अवांतर वाटलं तर सोडून द्या. आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्रफेस वाहून येतो, पांढरा, हलका, नखाने कुरतडला तर पीठ पडतं. आजी उगाळून औषधात घालायची, आता लोक पोपटाच्या पिंजऱ्यात टांगतात. हे माकुलाचं हाडच ना? त्याचं काही करता येत नाही का, फुकट मिळतं.

---

भट्टीकर

@मालवणी_काळजी, अवांतर कसलं, अगदी मुद्द्याचं! समुद्रफेस म्हणजे अरॅगोनाइट, कॅल्शियम कार्बोनेट. बारीक पडद्यांचे मजले आणि त्यांच्यामध्ये खांब, अशी रचना, सगळी पोकळी एकमेकींना जोडलेली. त्याला फॉस्फेटच्या द्रावणात बंद भांड्यात २०० अंशांच्या आसपास शिजवलं की कार्बोनेटचं एचए होतं आणि रचना तशीच राहते. यावर बरेच शोधनिबंध आहेत.

ही युक्ती मूळची प्रवाळांवरची. डेला रॉय आणि लिनेहान यांनी १९७४ मध्ये 'नेचर'मध्ये छापली, आणि त्यातून प्रवाळापासूनचं ग्राफ्ट बाजारात आलं, २०० आणि ५०० मायक्रॉन भोकांचं. पोराइट्स आणि गोनिओपोरा या प्रवाळांची भोकं हाडाशी इतकी जुळतात की आम्ही भट्टीवाले आजही हेव्याने बघतो. दोष एकच, निसर्ग माप विचारून बनवत नाही. आणि प्रवाळ तोडणं आता परवडणारं नाही, कायद्यानेही नाही. तुमचा समुद्रफेस निदान आपणहून येतो. पण किनाऱ्यावरचा उचलून थेट हाडात नाही हं.

---

दाढदुखी

मी डेंटिस्ट. आमच्याकडे हे प्रकरण रोजचं आहे. दात काढला की जबड्याचं हाड आटतं, पुढे इम्प्लांट बसवायचा तर जागा राखायला दाणे भरतो. सगळ्यात जास्त अभ्यास झालेलं ग्राफ्ट म्हणजे बायो-ऑस, ते गुरांच्या हाडापासून बनतं, सेंद्रिय भाग सगळा काढून टाकलेला. आता हे रुग्णाला सांगायचं की नाही? मी सांगते. जैन आणि वारकरी घरातले पुष्कळ रुग्ण तत्क्षणी नको म्हणतात, आणि तो त्यांचा हक्क आहे. मग टीसीपी किंवा बायफेजिक देते.

आणि इथेच गंमत होते. दाणे सिंथेटिक घेतले तरी वरून झाकायला कोलॅजनचा पडदा लागतो, आणि तो बहुतेक वेळा डुकराच्या किंवा गुरांच्या कोलॅजनचा असतो. त्यामुळे विचारायचं तर दोन्हींबद्दल विचारा.

---

देशस्थ_ऋग्वेदी

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

---

रिकामटेकडा

वरचा प्रतिसाद मी वाचला होता. बरं झालं काढला.

---

घाटावरची

माझ्या बाबांचा प्रश्न आहे, कुणी मनावर घेईल तर बरं. वय ६८. मागच्या वर्षी पडले, गुडघ्याखाली प्लेट बसली आणि डॉक्टरांनी 'आर्टिफिशियल बोन' भरलं असं सांगितलं. कागदावर एचए लिहिलंय. आता चालतात व्यवस्थित, दुखत नाही. पण परवाच्या एक्सरेत तिथे पांढराशुभ्र डाग तसाच आहे. बाबा घाबरलेत, म्हणतात हाड आलंच नाही, आत चुना तसाच पडलाय. पुन्हा ऑपरेशन लागेल का?

---

डॉ_सांधेजोड

@घाटावरची ताई, एक्सरे न बघता निदान करणार नाही, पण बाबांना एवढं सांगा: एचए हाडापेक्षा जास्त पांढरं दिसतं आणि ते वर्षानुवर्षं दिसतच राहतं. भट्टीकरांनी वर इटलीचं सांगितलं तेच. पांढरा डाग म्हणजे हाड आलं नाही असं नाही. आम्ही डागाकडे बघत नाही, त्याच्या कडेला बघतो. दाणे आणि हाड यांच्यामध्ये काळी रेघ आहे का, दाणे जागचे हललेत का, गुडघ्याचा पृष्ठभाग पुन्हा खचलाय का, स्क्रूभोवती मोकळी जागा दिसते का. यातलं काही नसेल, दुखत नसेल आणि चालणं चांगलं असेल तर बहुतेक सगळं ठीक आहे. ऑपरेशननंतरचा पहिला एक्सरे आणि आत्ताचा, दोन्ही घेऊन ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच दाखवा. नुसता शेवटचा नेऊ नका, तुलना करता येत नाही. लालसरपणा, ताप, जखमेतून पाणी येणं असं काही असेल तर मात्र लगेच.

---

तिसरा_मजला

आपल्या देशात हे बनतं का, की सगळं बाहेरून?

---

भट्टीकर

@तिसरा_मजला, बनतं. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनल संस्थेने यावर फार जुनं आणि भक्कम काम केलंय. एचएवर कॅल्शियम सिलिकेटचा थर देऊन बकऱ्यांच्या मांडीच्या हाडातल्या गॅपमध्येही त्यांनी ते वापरून पाहिलं. कोलकात्याच्या केंद्रीय काच आणि सिरॅमिक संशोधन संस्थेने डोळा काढलेल्या रुग्णांसाठी सच्छिद्र एचएचा गोल केला, त्यात ऊती शिरतात. शहाजहानपूरची एक कंपनी एचएचे दाणे आणि ठोकळे कित्येक वर्षं विकतेय. दाणे बनवणं आपल्याला जमलंय. रुग्णाच्या मापाची, आतून नीट जोडलेली, परवान्यापर्यंत पोचलेली जाळी, तिथे रांग मोठी आहे.

डॉक्टरांच्या 'कधी येणार' या सवालाचं उत्तर राहिलं. मला पेशी वाढवून घालण्याच्या वाटेपेक्षा दुसरी वाट जास्त आशेची वाटते. काही टीसीपी आणि बायफेजिक सिरॅमिक स्नायूत ठेवले, जिथे हाडाचा संबंध नाही, तरी आत हाड तयार होतं, वरून कुठलंही बीएमपी (हाड वाढवणारं प्रथिन) न घालता. बबून, कुत्रे, मेंढ्यांमध्ये हे दिसलंय. २०१० मध्ये युआन आणि सहकाऱ्यांनी मेंढीच्या कमरेच्या हाडात असं टीसीपी तिच्या स्वतःच्या हाडाच्या ग्राफ्टच्या तोडीचं ठरल्याचं दाखवलं. आणि ते घडायला ३०० मायक्रॉनची मोठी भोकं पुरत नाहीत, काडीच्या अंगावर एक-दोन मायक्रॉनची किंवा त्याहून बारीक छिद्रंही लागतात. ती मिळवायची तर भट्टी थोडी कमी तापवावी लागते, म्हणजे ताकद पुन्हा घटते. पण डॉक्टरच म्हणालेत की वजन प्लेट घेते.

---

डॉ_सांधेजोड

हे मान्य. बाटलीतून काढून भरता येईल, पेशींची लॅब लागणार नाही, रात्री दोन वाजता ॲक्सिडेंट आला तरी फ्रीजवर अवलंबून राहावं लागणार नाही, असं काही असेल तर मी वापरीन. मात्र तुमच्या बारीक छिद्रांच्या दाण्यांना मी ओटीत हातोडीने ठोकून बसवतो, हे भट्टीवाल्यांनी ध्यानात ठेवावं. ठोकल्यावर किती दाणे शाबूत राहतात ते मोजलंय का कुणी तुमच्याकडे?

---

भट्टीकर

एकेक दाणा दाबून मोजतो. भरलेल्या खड्ड्यात हातोडी मारून नाही मोजलं. हातोडी किती वजनाची आणि साधारण किती ठोके, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. सोमवारी लावतो.